नोबेलसाहेबांचे मृत्युपत्र



आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पुरी झाली. स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिही, असे अध्यक्षाबाईंनी मला सांगितले तेव्हा मी आधी हात जोडले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही वाचले ते मंडळाच्या वाचनालयातले, तेही दुपारची भांडीकुंडी आवरल्यावर. पण त्यांनी ऐकले नाही.

मी नोबेल हे नाव निवडले त्याला एक लहानसे कारण घडले. आपल्याकडे एका दिवंगत भगिनीने ठेवलेल्या ठेवीच्या व्याजातून दरवर्षी एका हुशार मुलीला बक्षीस दिले जाते, हे सर्वांना ठाऊक आहेच. गेल्या वर्षी ज्या मुलीला ते मिळाले ती माईकसमोर उभी राहून म्हणाली की पुढे मला नोबेलही मिळवायचे आहे. आपण सगळ्या हसलो, टाळ्याही वाजवल्या. घरी येताना माझ्या मनात आले की हे नोबेल कोण? बक्षिसाचे नाव जगाला पाठ आहे, पण ते ठेवणारा माणूस कसा होता, त्याचे आईबाप कोण, त्याचा पैसा कशातून आला, हे मला तरी माहीत नव्हते. मग पुस्तके आणली. वाचता वाचता मला त्यांच्या शोधांपेक्षा त्यांच्या मृत्युपत्राचेच जास्त नवल वाटू लागले. म्हणून हा लेख.

आल्फ्रेड नोबेल यांचा जन्म 21 ऑक्टोबर 1833 रोजी स्वीडन देशात, स्टॉकहोम शहरी झाला. वडील इमॅन्युएल हे घरे बांधणारे आणि नाना यंत्रांच्या खटपटी करणारे गृहस्थ. डोक्यात कल्पना फार, पण हातात पैसा टिकत नसे. आल्फ्रेड जन्मला त्याच वर्षी त्यांचे दिवाळे निघाले. त्याच सुमारास राहते घरही आगीत गेले. पुढे नशीब काढायला ते आधी फिनलंडात आणि मग रशियात गेले. मागे राहिली आई आंद्रिएट आणि तिची लहान मुले.

या आंद्रिएटबाईंविषयी मला थोडे थांबून लिहावेसे वाटते. नवरा परदेशी, कर्ज डोक्यावर, आणि धाकटा आल्फ्रेड इतका दुबळा की तो जगतो की नाही याची काळजी. या बाईने स्टॉकहोममध्ये दूध आणि भाजीपाल्याचे छोटे दुकान काढले आणि त्यावर घर चालवले. त्यांना एकंदर आठ मुले झाली, त्यांतली चारच मोठी झाली. रॉबर्ट, लुडविग, आल्फ्रेड आणि शेंडेफळ एमिल. पुढे आल्फ्रेड जगातल्या मोठ्या धनवंतांपैकी एक झाले, पण आईच्या वाढदिवसाला स्टॉकहोमला जाण्याचा नेम त्यांनी वर्षानुवर्षे पाळला. त्यांच्या आयुष्यात घर असे म्हणण्याजोगे एवढेच ठिकाण होते.

1842 साली सगळे कुटुंब वडिलांकडे सेंट पीटर्सबर्गला गेले. तिथे वडिलांचा जम बसला होता. रशियन सैन्याला ते समुद्रात पेरायचे सुरुंग करून देत. मुलांना घरी शिक्षक ठेवले. आल्फ्रेडला सतराव्या वर्षी स्वीडिश, रशियन, फ्रेंच, इंग्रजी आणि जर्मन अशा पाच भाषा येत होत्या. त्याला कवितेचा फार नाद, इंग्रजीत तो कविता करी. वडिलांना हे पसंत नव्हते. त्यांनी मुलाला रसायनशास्त्र शिकायला परदेशी पाठवले. पॅरिसमध्ये त्याला सोब्रेरो नावाचे इटालियन शास्त्रज्ञ भेटले. त्यांनी नायट्रोग्लिसरीन नावाचे एक तेलासारखे द्रव्य शोधून काढले होते. धक्का लागला, ऊन लागले की ते केव्हा उडेल याचा नेम नसे. खुद्द शोधणाऱ्यालाच त्याची इतकी भीती वाटे की ते वापरण्याचा विचार त्यांनी सोडून दिला होता. आल्फ्रेडने मात्र तो धरला.

मग क्रिमियाची लढाई संपली, रशियाच्या मागण्या थांबल्या आणि 1859 मध्ये वडिलांचे पुन्हा दिवाळे निघाले. आईवडील स्वीडनला परतले, मागोमाग आल्फ्रेडही. बापलेकांनी स्टॉकहोमच्या हेलेनेबोर्ग भागात त्या तेलाचे प्रयोग चालू केले. एमिल तेव्हा शिकत होता, तोही मदतीला येई.

3 सप्टेंबर 1864 रोजी तिथे स्फोट झाला. पाच माणसे गेली. त्यांत एमिल होता, वीस वर्षांचा.

पुढच्याच वर्षी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. शहराच्या हद्दीत हे प्रयोग करायला मनाई झाली. कोणीही म्हणेल की आता हा माणूस या वाटेला जाणार नाही. पण आल्फ्रेड यांनी शहराबाहेर मेलारेन सरोवरात एक पडाव उभा करून त्यावर काम सुरू केले आणि दोन-तीन महिन्यांत कंपनीही काढली. मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. त्या आईला काय वाटले असेल? धाकटा मुलगा ज्याने गेला त्याच तेलाच्या बाटल्या थोरला पुन्हा भरतो आहे. पुस्तकांत याविषयी फारसे काही नसते. पुस्तके पेटंटांविषयी लिहितात.

एक मात्र खरे की त्यानंतर त्यांचा सारा ध्यास ते तेल आवरण्याचा होता. 1866 साली अमेरिकेत आणि पनामात त्या तेलाचे भयंकर स्फोट झाले, देशोदेशी बंदीची भाषा सुरू झाली. कोळशाची पूड, लाकडाचा भुसा, विटांची पूड, सिमेंट, सगळे त्यांनी त्यात कालवून पाहिले. शेवटी एक हलकी, सच्छिद्र माती मिळाली. ती आपल्या वजनाच्या कितीतरी पट तेल पिऊन घेई. कणीक मळावी तसा त्याचा गोळा होई, त्याच्या कांड्या वळता येत आणि त्या खाली पडल्या तरी उडत नसत. 1867 मध्ये त्यांनी याचे पेटंट घेतले आणि ग्रीक भाषेतल्या शक्ती या अर्थाच्या शब्दावरून त्याला डायनामाइट हे नाव दिले.

डायनामाइट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे युद्ध येते. पण त्याचा मोठा वापर झाला तो खाणी, कालवे, रस्ते नि बोगदे यांसाठी. स्वित्झर्लंडमधला सेंट गॉटहार्डचा प्रचंड रेल्वे बोगदा 1872 ते 1881 या काळात डोंगर फोडून काढला, तो डायनामाइटच्या जोरावर. कारखाने वाढत गेले, वीस देशांत नव्वदावर झाले. स्कॉटलंडमधल्या आर्डीरच्या कारखान्यात कांड्या भरायला मुली असत. केसांत आकडेसुद्धा घालायची त्यांना मनाई होती, कारण लोखंडाची एक ठिणगी पुरे. आपल्या पोटासाठी बायका काय काय करतात, हे जगात सगळीकडे सारखेच दिसते.

नोबेल यांच्या नावावर एकंदर 355 पेटंटे झाली. पण डायनामाइटच्या पुढे जाऊन 1887 साली त्यांनी बिनधुराची दारू शोधली, ती सरळ तोफाबंदुकांसाठीच होती. ती त्यांनी इटलीला विकली म्हणून फ्रान्समध्ये त्यांच्यावर आळ आला आणि 1891 मध्ये पॅरिसचे घर सोडून ते इटलीतल्या सान रेमो गावी समुद्रकाठी राहायला गेले. त्यांना लढाई आवडत नसे असे सगळे सांगतात, आणि ते खरेही असेल. पण लढाईचे सामान त्यांनी विकले, हेही खरे आहे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या. मी त्यातली एक झाकून दुसरी दाखवणार नाही.

त्यांनी लग्न केले नाही. 1876 साली पॅरिसमध्ये असताना त्यांनी एका बाईंना सेक्रेटरी म्हणून व्हिएन्नाहून बोलावले. त्यांचे नाव बर्था किन्स्की, घराणे सरदाराचे पण घरात पैसा नाही. आठवडाभरच त्या तिथे राहिल्या. व्हिएन्नात ज्या घरी त्या मुलींना शिकवत त्याच घरातल्या मुलावर त्यांचे प्रेम होते, आणि वियोग सोसवेना. नोबेलसाहेब गावाला गेले असताना त्यांनी जवळचा हिऱ्यांचा दागिना विकून तिकीट काढले नि परत जाऊन गुपचूप लग्न केले. नोबेलसाहेबांना वाईट वाटले असेल, पण त्यांनी राग धरला नाही. पत्रव्यवहार अखेरपर्यंत चालू राहिला. (त्याच साली एका फुलांच्या दुकानातल्या तरुणीशीही त्यांचा स्नेह जडला. तो पुष्कळ वर्षे चालला आणि त्याने त्यांना सुख थोडे नि मनस्ताप फार दिला. त्याविषयी इतकेच पुरे.)

बर्थाबाई लग्नानंतर फोन झुटनर झाल्या. त्यांनी 1889 साली शस्त्रे खाली ठेवा या अर्थाच्या नावाची एक कादंबरी लिहिली. लढाईने एका बाईच्या संसाराचे काय होते ते त्यात दाखवले होते. ती कादंबरी युरोपभर गाजली. त्या शांततेच्या चळवळीत पडल्या आणि नोबेलसाहेबांना सारख्या पत्रे लिहून, पैसे मागून, हिशेब कळवून त्यांच्या मागे लागल्या. मंडळाची वर्गणी गोळा करणाऱ्या आपल्या भगिनींना हे काम कसे असते ते सांगायला नको!

1888 साली भाऊ लुडविग वारला. 1889 च्या डिसेंबरात आई गेली. आईकडून वाट्याला आलेला पैसा त्यांनी बहुतेक सगळा दान केला. त्यातली एक रक्कम आईच्या नावाने वैद्यकीय संशोधनासाठी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेला दिली. माझ्या मते पुढच्या मृत्युपत्राचे बी इथे आहे. नंतर त्यांना स्वतःला हृदयविकार जडला. डॉक्टरांनी औषध दिले ते कोणते, तर नायट्रोग्लिसरीनच! त्याचे त्यांना स्वतःलाही हसू आले.

27 नोव्हेंबर 1895 रोजी पॅरिसमध्ये त्यांनी आपले शेवटचे मृत्युपत्र पुरे केले. आपल्या हाताने, स्वीडिश भाषेत, वकिलाला न विचारता, कारण वकिलांवर त्यांचा विश्वास नव्हता. चार साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. नातेवाईक, नोकर, स्नेही यांना काही रकमा दिल्या. बाकी सगळी मिळकत विकून त्याचे भांडवल सुरक्षित ठेवावे, मुद्दल तसेच राहावे आणि व्याजाचे पाच सारखे भाग करून दरवर्षी मानवजातीचे सर्वांत अधिक कल्याण ज्यांनी केले त्यांना द्यावे, असे लिहिले. पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक, साहित्य आणि शांतता असे ते पाच भाग. बक्षीस देताना माणूस कोणत्या देशाचा हे मुळीच पाहू नये, असेही स्पष्ट घातले. अगदी शेवटी एक विचित्र कलम आहे. मेल्यावर आपल्या शिरा कापून मरणाची खात्री करावी आणि मग दहन करावे. जिवंत पुरले जाण्याची त्यांना भीती वाटे.

10 डिसेंबर 1896 रोजी सान रेमोला मेंदूतील रक्तस्रावाने ते वारले. शेवटच्या घटकांत पाच भाषांपैकी फक्त लहानपणची स्वीडिश तोंडी राहिली आणि जवळच्या नोकरांना ती कळत नव्हती. घरचे कोणी वेळेवर पोचले नाही. वय त्रेसष्ट.

बहुतेक चरित्रे इथे संपतात. माझ्या मनातली गोष्ट इथून सुरू होते.

मिळकत तीन कोटी दहा लाख क्रोनरच्या वर होती, ती आठ-नऊ देशांत विखुरलेली. ज्या निधीला ती द्यायची तो निधीच अस्तित्वात नव्हता. ज्या संस्थांनी बक्षिसे ठरवायची त्यांना आधी कोणी विचारले नव्हते. शांततेचे बक्षीस नॉर्वेच्या पार्लमेंटने नेमलेल्या पाच जणांनी द्यावे असे लिहिल्यामुळे स्वीडनमध्ये नाराजी झाली, कारण तेव्हा दोन्ही देश एका राजाखाली होते आणि आपसात धुसफूस चालू होती. स्वीडनचा पैसा परक्यांना का, असे वर्तमानपत्रांत आले. आणि पुतण्यांपैकी काहींनी तर मृत्युपत्रच रद्द करावे म्हणून कोर्टाचा रस्ता धरला.

मृत्युपत्राची अंमलबजावणी ज्यांच्यावर सोपवली होती त्यांत मुख्य रागनार सोलमन नावाचा सव्वीस वर्षांचा इंजिनियर. त्याला आपले नाव घातल्याचे मालक गेल्यावरच कळले. फ्रान्समधल्या कोर्टात प्रकरण गेले तर सगळे हातचे जाईल, हे त्याने ओळखले. तेव्हा त्याने पॅरिसच्या बँकेतले रोखे पेट्यांत भरून, साध्या घोडागाडीत घालून, मांडीवर पिस्तूल ठेवून, स्टेशनवर नेऊन लंडन नि स्टॉकहोमला रवाना केले. नातेवाईक त्याच शहरात वाटाघाटी करत होते!

पण खरी किल्ली होती एमानुएलच्या हातात. हा वारलेल्या लुडविगचा थोरला मुलगा, बाकू येथील नोबेल बंधूंच्या तेलाच्या कंपनीचा प्रमुख. धाकट्या भावंडांचा भार त्याच्यावर. काकाचे त्या कंपनीतले शेअर बाजारात गेले तर कंपनी अडचणीत येणार. मृत्युपत्र मोडले तर लाभ, पाळले तर तोटा, असा सरळ हिशेब होता. 1898 च्या फेब्रुवारीत खुद्द राजे ऑस्कर यांनी त्याला बोलावून समजावले की शांततेच्या नादी लागलेल्या लोकांनी, विशेषतः बायकांनी, तुझ्या काकाला भरीस घातले आहे. भावंडांचे हित पाहणे तुझे कर्तव्य आहे. एमानुएलने राजाला नम्रपणे पण साफ सांगितले की ज्या शास्त्रज्ञांचा हा पैसा आहे तो आम्ही लाटला, असा ठपका मी माझ्या भावंडांवर येऊ देणार नाही.

त्याने सोलमनला एक गोष्ट सांगितली होती ती मला विसरवत नाही. रशियन भाषेत मृत्युपत्र अमलात आणणाऱ्यासाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ आत्म्याच्या वतीने बोलणारा असा होतो.

इथे मला माझ्या घरचे थोडे सांगायला हवे. माझ्या सासूबाईंच्या हातात चार पाटल्या होत्या. शेवटच्या आजारात त्यांनी आम्हां जावाजावांसमोर सांगितले होते की दोन तुम्ही घ्या, दोन मोडून शाळेतल्या मुलींच्या बक्षिसासाठी द्या. त्यांना स्वतःला चौथीतून काढले होते, ते त्यांच्या मनात होते. कागद काही केला नाही. तेरावे झाले, पुढे बघू म्हणता म्हणता दोन पाटल्या मोठ्या जाऊबाईंकडे गेल्या नि दोन माझ्याकडे आल्या. कोणी भांडले नाही, कोणी कोर्टात गेले नाही. सगळे गप्प बसलो, त्यात मीही. आता या गोष्टीला अकरा वर्षे झाली.

असो. एमानुएल बाजूला झाल्यावर बाकीच्यांचा जोर ओसरला. 1898 च्या मे-जूनमध्ये त्यांना काही रक्कम देऊन समेट झाला, 29 जून 1900 रोजी नोबेल निधीचे नियम मंजूर झाले आणि 10 डिसेंबर 1901 रोजी, नोबेलसाहेबांच्या पाचव्या पुण्यतिथीला, पहिली बक्षिसे दिली गेली. प्रत्येक बक्षीस सुमारे दीड लाख क्रोनरचे होते.

पहिल्याच वर्षीची नावे पाहा. हात मोडला की आपण जो फोटो काढतो ते क्ष-किरण शोधणारे रोंटगेन. घटसर्पावर उतारा देणारे सीरम काढणारे बेरिंग. घटसर्पाने घरची मुले गेल्याच्या गोष्टी माझी आजी सांगे, म्हणून हे नाव मला जवळचे वाटले. आणि शांततेचे अर्धे बक्षीस रेडक्रॉसची कल्पना काढणारे हेन्री ड्यूनां यांना. ते दिवाळे निघून विपन्नावस्थेत एका खेड्यातल्या रुग्णालयात दिवस काढत होते, जग त्यांना जवळजवळ विसरले होते.

1903 मध्ये मेरी क्यूरी यांना मिळाले आणि 1911 मध्ये दुसऱ्यांदा. 1905 मध्ये शांततेचे बक्षीस बर्थाबाईंना मिळाले. बायकांनी काकाला भरीस घातले म्हणून राजेसाहेब ज्यांच्यावर रागावले होते, त्यांतल्याच या. 21 जून 1914 रोजी त्या वारल्या. पुढे दीड महिना होतो न होतो तोच पहिले महायुद्ध पेटले.

आपल्याकडे 1913 साली रवींद्रनाथांना, 1930 साली रामन यांना आणि 1979 साली मदर तेरेसांना हा मान मिळाला. 2019 साली अर्थशास्त्रासाठी निवडलेल्या तिघांत अभिजित बॅनर्जी होते. त्यांचा जन्म मुंबईचा आणि आई मराठी, माहेरच्या पाटणकर. अर्थशास्त्राचे बक्षीस मात्र मृत्युपत्रातले नव्हे, ते स्वीडनच्या बँकेने 1968 मध्ये नोबेलसाहेबांच्या स्मरणार्थ सुरू केले. आणि गांधीजी? त्यांचे नाव पाच वेळा सुचवले गेले, पण बक्षीस मिळाले नाही. 1948 साली, त्यांच्या हत्येनंतर, जिवंत असा योग्य माणूस नाही म्हणून शांततेचे बक्षीस कोणालाच दिले नाही. हे वाचून माझ्या मनाचे समाधान झाले नाही. निवडणारी माणसेच, चुकतातही.

एमानुएलचे पुढे काय झाले हेही सांगते. रशियात क्रांती झाली, तो 1918 साली स्वीडनला निसटला आणि 1920 मध्ये बाकूच्या तेलविहिरी सरकारजमा झाल्या. 1932 मध्ये तो वारला. सोलमनने पुढे पुष्कळ वर्षे निधीचा कारभार पाहिला.

हा लेख परवा रात्री मी ह्यांना वाचून दाखवला. एमानुएल राजाला भेटतो तिथे त्यांनी मला थांबवले आणि ते पान पुन्हा वाचायला लावले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. पाटल्या मी काढून डब्यात ठेवल्या आहेत. मोठ्या जाऊबाई दिवाळीला येतील, तेव्हा त्यांच्याजवळ विषय काढायचा असे आमचे ठरले आहे.